सगळं सोडून जावंसं वाटतं तेव्हा... हजरत बुऱ्हानुद्दीन गरीब (रह.) यांची फकिरी

थंडीच्या दिवसांत मेहरूणच्या तलावावर फजरनंतर बरीच मंडळी चालायला येतात. बोरांचा हंगाम असतो, रस्त्याच्या कडेला पाट्या लागलेल्या असतात. त्या गर्दीत आमच्या मोहल्ल्यातला एक तरुण मला अधूनमधून भेटतो. मोठ्या शहरातल्या कंपनीत नोकरी, सध्या घरूनच काम. पगार चांगला, घराचं कर्ज मोठं, घरात दोन वर्षांची मुलगी. गेल्या काही महिन्यांपासून त्यानं एकच गोष्ट लावून धरली आहे. हे सगळं सोडून द्यायचं, फोन बंद करायचा, एखाद्या डोंगरावरच्या दर्ग्याजवळ खोली घ्यायची आणि नमाज, तिलावत, झाडझूड एवढ्यावर उरलेलं आयुष्य काढायचं. त्याच्या अम्मीनं मला गाठून विनंती केली की चाचा म्हणून तुम्ही त्याला दोन गोष्टी सांगा, आमचं तो ऐकत नाही.

मी त्याला रागावलो नाही. खरं सांगायचं तर ही इच्छा आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या मनात येऊन जाते. दिवसभर फोन वाजतो, हप्त्यांची तारीख डोक्यावर असते, मुलांच्या फीचे आकडे झोप उडवतात. अशा वेळी एक चटई, एक घागर आणि शांतता एवढंच हवं असं वाटणं यात काही गुन्हा नाही. पण वाटणं वेगळं आणि करणं वेगळं. म्हणून मी त्याला एका माणसाची गोष्ट सांगितली. तो माणूस खरोखर सगळं सोडून जगला, आणि आपल्या खानदेशाशी त्याचं नातं इतकं जवळचं आहे की त्याचं नाव आपण रोज घेतो. भुसावळ, रावेर ओलांडलं की रेल्वे ज्या मोठ्या शहरात पोचते, त्या बुऱ्हाणपूरचं नाव ज्यांच्यावरून पडलं ते हजरत बुऱ्हानुद्दीन गरीब (रह.). त्यांची मजार अजिंठ्याच्या डोंगरापलीकडे खुलताबादला आहे. आपल्याकडची अनेक कुटुंबं तिथं जियारतीला जातात. फातिहा पढतात, परत येतात. पण ते जगले कसे, हे फार कमी जणांना माहीत असतं.

हांसीचा मुलगा, दिल्लीचा मुरीद

बुऱ्हानुद्दीन यांचा जन्म 1256 च्या सुमारास, आजच्या हरियाणातल्या हांसी गावी झाला. लहानपणापासून त्यांचा ओढा इबादतीकडे होता. सोळाव्या वर्षी आईनं लग्नाचा विषय काढला तेव्हा त्यांनी थेट नकार दिला नाही, पण रोजे मात्र एकामागून एक धरत गेले. शेवटी शरीर इतकं खंगलं की आईनंच तो विषय सोडला, असं जुन्या चरित्रांत सांगतात. ते आयुष्यभर अविवाहित राहिले.

पुढं ते दिल्लीला गेले आणि हजरत निजामुद्दीन औलिया (रह.) यांचे मुरीद झाले. दिल्लीजवळच्या गियासपूर वस्तीत निजामुद्दीन औलियांची खानकाह होती. त्या काळची दिल्ली म्हणजे आजची मुंबईच समजा. दरबार, व्यापार, सैन्य, पैसा, कारस्थानं, सगळं तिथं एकवटलेलं. खानकाहचा नियम साधा होता. कुणाकडे मागायचं नाही, सुलतानाकडून जमीन-जहागीर घ्यायची नाही, न मागता जे येईल ते ठेवायचं नाही. या न मागता आलेल्या भेटीला फुतूह म्हणत. शुक्रवारच्या नमाजआधी कोठार रिकामं झालं पाहिजे, असा निजामुद्दीन औलियांचा दंडक होता. उद्यासाठी साठवून ठेवणं म्हणजे अल्लाहवरचा भरवसा कमी पडणं, अशी त्यामागची समजूत.

या खानकाहत बुऱ्हानुद्दीन यांच्याकडे काही काळ स्वयंपाकाचं काम होतं. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. ज्या तरुणाला जगापासून दूर जायचं होतं, त्याच्या हाती चुलीपुढची डाव आली. येणाऱ्या प्रत्येकाला, मग तो हिंदू असो की मुसलमान, फकीर असो की चुकलेला मुसाफिर, पोटभर जेवू घालायचं. इथं एकांत कुठला? सकाळपासून रात्रीपर्यंत माणसंच माणसं.

जंगलात जायची परवानगी मिळाली नाही

निजामुद्दीन औलियांच्या मुरीदांत आणखी एक मोठं नाव होतं, हजरत नसीरुद्दीन. पुढं ते चिराग-ए-दिल्ली म्हणून प्रसिद्ध झाले. ते मूळचे अवधचे. दिल्लीला आले की बुऱ्हानुद्दीन यांच्याच घरी उतरत. दोघांची गाढ मैत्री.

या नसीरुद्दीन यांची तक्रार अगदी आपल्या मोहल्ल्यातल्या त्या तरुणासारखी होती. अवधला घरी लोकांची सतत ये-जा, त्यात इबादतीला निवांतपणा मिळत नाही, तेव्हा एखाद्या जंगलात किंवा डोंगरात जाऊन राहायची परवानगी हवी. स्वतः विचारायचं धाडस होईना, म्हणून त्यांनी कवी अमीर खुसरो यांना मध्यस्थ केलं. रात्रीच्या बैठकीत खुसरोंनी पीरांच्या कानावर ही विनंती घातली. पीरांनी नकार दिला. नसीरुद्दीन यांनी लोकांतच राहायचं, लोकांचे घाव सोसायचे आणि त्या बदल्यात लोकांना चांगुलपणा द्यायचा, असा त्यांचा हुकूम होता.

जंगलात राहायला हरकत काय होती? हरकत अशी की तिथं सब्र करायला कुणी नसतं. झाडं आपला अपमान करत नाहीत, दगड उधार मागत नाहीत. माणसाचा राग, हेवा, लोभ हे सगळं दुसऱ्या माणसांच्या सहवासातच बाहेर येतं आणि तिथंच त्यावर औषध करता येतं.

आपल्या दीनचा मूळ कलही हाच आहे. कुरआनच्या सूरह हदीदमध्ये, 27 व्या आयतीत, ख्रिस्ती मंडळींच्या रहबानियतचा, म्हणजे संन्यासी राहणीचा उल्लेख येतो. ती त्यांनी स्वतःहून काढली, अल्लाहनं ती त्यांच्यावर बंधनकारक केली नव्हती, असं तिथं स्पष्ट केलं आहे. हदीसमध्ये तीन सहाबांचा प्रसंग आहे. एकानं रात्रभर नमाज पढायचं ठरवलं, दुसऱ्यानं रोजचा रोजा धरायचं, तिसऱ्यानं लग्न न करायचं. प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांना ते आवडलं नाही. आपण स्वतः रोजा धरतो आणि सोडतोही, नमाज पढतो आणि झोपतोही, लग्नही करतो, हे त्यांनी त्या तिघांना समजावलं. हिराच्या गुहेत एकांत होता, पण वहीनंतर प्रेषितांचं काम मक्केच्या गल्ल्यांत आणि मदीनेच्या बाजारात झालं.

मग बुऱ्हानुद्दीन यांनी लग्न केलं नाही त्याचं काय? निकाह ही सुन्नत आहे. काही बुजुर्गांची हालत वेगळी होती, ती सर्वांसाठी कायदा नाही. त्यांच्याकडून शिकायचं ते त्यांच्या राहणीतलं बाकीचं. शिवाय ते कुणालाही वाऱ्यावर सोडून गेले नव्हते. ज्याच्या घरी बायको आहे, मूल आहे, म्हातारी आई आहे, त्यानं हे उदाहरण पुढं करून घराबाहेर पडणं बरोबर नाही.

दुमडलेली घोंगडी

बुऱ्हानुद्दीन यांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा धक्का एका घोंगडीमुळे बसला.

तेव्हा ते सत्तरीला पोचले होते. शरीर थकलेलं. जमिनीवर बसलं की हाडं टोचत, म्हणून घोंगडी दुमडून त्यावर बसत. कुणीतरी निजामुद्दीन औलियांच्या कानावर घातलं की बुऱ्हानुद्दीन आता पीरांसारखे गादीवर बसू लागले आहेत. पीर नाराज झाले. बुऱ्हानुद्दीन नेहमीसारखे भेटायला गेले तर पीर त्यांच्याशी बोलले नाहीत. नंतर खादिमानं येऊन निरोप दिला की घरी जा.

आयुष्यभराची फकिरी आणि शेवटी हे! बुऱ्हानुद्दीन यांची अवस्था घरात मयत झाल्यासारखी होती. रडत बसले. लोक येऊन त्यांचं सांत्वन करू लागले. शेवटी अमीर खुसरो मध्ये पडले. त्यांनी आपला साफा स्वतःच्या गळ्यात गुंडाळला, गुन्हेगार उभा राहतो तसे पीरांसमोर उभे राहिले आणि मित्रासाठी माफी मागितली. पीर विरघळले. बुऱ्हानुद्दीन यांना परत बोलावलं गेलं.

आता घोंगडी ती काय, तिची घडी ती काय! थकल्या म्हाताऱ्यानं तेवढं केलं तर बिघडलं कुठं, असं आपल्याला वाटतं. पण त्या खानकाहचा काटा फार बारीक होता. माणूस महाल सोडतो, दागिने सोडतो, चांगलं खाणं सोडतो, आणि नंतर त्या सोडण्याचीच गादी करून तिच्यावर बसतो. मी किती साधा, मला काही लागत नाही, मी तुमच्यासारखा नाही. हा अहंकार मखमलीच्या गादीपेक्षा वाईट, कारण तो दिसत नाही. बुऱ्हानुद्दीन यांच्या मनात तो होता असं कुणी म्हणणार नाही. पण त्या प्रसंगानं त्यांना आणि त्यांची गोष्ट ऐकणाऱ्या प्रत्येकाला सावध केलं.

दिल्लीहून दौलताबाद

1325 साली निजामुद्दीन औलियांचं निधन झालं. त्यानंतर दोनच वर्षांनी, 1327 च्या सुमारास, सुलतान मुहम्मद बिन तुघलक यानं देवगिरीला दौलताबाद नाव देऊन आपली राजधानी केली आणि दिल्लीतल्या प्रतिष्ठित लोकांना, उलेमांना, सूफींना दख्खनला जायचा हुकूम सोडला. पीरांनी बुऱ्हानुद्दीन यांना 1400 मुरीदांची पालखी देऊन दख्खनला पाठवलं अशी कथा आपल्याकडे फार लोकप्रिय आहे. पण इतिहासकारांच्या मते ते या सरकारी स्थलांतरातच आले. म्हणजे सत्तरी ओलांडलेला, आधार गमावलेला माणूस, आपल्या पीरांची मजार मागं टाकून, शेकडो कोस दूर, अनोळखी मुलखात.

त्यांच्या नावातला गरीब हा शब्द इथं नीट समजून घ्यावा. मराठीत गरीब म्हणजे ज्याच्याकडे पैसा नाही तो. अरबीत गरीब म्हणजे परका, परदेशी, जिथं आहे तिथला नसलेला. बुऱ्हानुद्दीन दोन्ही अर्थांनी गरीब होते. पैसा त्यांनी ठेवला नाही, आणि या दुनियेत मुसाफिरासारखे राहिले. पण मुसाफिर म्हणजे पळून जाणारा नव्हे. सरायमध्ये उतरलेला मुसाफिरही खोली झाडतो, शेजाऱ्याला पाणी देतो, सकाळी हिशेब चुकता करतो.

दौलताबादला त्यांच्याभोवती माणसं जमली. त्यांत सरकारी चाकर होते, सैनिक होते, विद्वान होते. त्या चाकरांना त्यांनी नोकऱ्या सोडून गुहेत बसवलं नाही. रुक्नुद्दीन काशानी आणि त्यांचे भाऊ या मुरीदांनी पीरांच्या बैठकींत काय चाललं ते लिहून ठेवलं. रुक्नुद्दीन यांचा ग्रंथ नफाइसुल अन्फास आणि त्यांचे भाऊ हम्माद यांचा अहसनुल अक्वाल. त्यामुळं सातशे वर्षांपूर्वी दख्खनमधला एक सूफी कसा जगत होता हे आपल्याला कळतं. त्यांना समाची, म्हणजे भक्तिसंगीताची फार ओढ होती आणि त्यात ते बेभान होऊन डोलत. त्यांच्या मुरीदांच्या त्या शैलीला बुऱ्हानी असंच नाव पडलं.

सुलतानानं एकदा त्यांच्याकडे 3000 टंके पाठवले, असं सांगतात. बुऱ्हानुद्दीन यांनी खादिमाला घरात किती पैसे आहेत ते बघायला सांगितलं. 20 टंके निघाले. तेही त्या 3000 मध्ये मिसळले आणि सगळी रक्कम गरजूंमध्ये वाटून टाकली. पैसे परत पाठवून त्यांनी सुलतानाचा अपमान केला नाही, आणि एक टंका ठेवूनही घेतला नाही. शिवाय घरातलेही गेले!

हिजरी 738 मध्ये, म्हणजे 1337 साली, सफर महिन्यात त्यांचं निधन झालं. दौलताबादजवळच्या टेकडीवर त्यांना दफन केलं. तीच जागा पुढं रौजा आणि नंतर खुलताबाद म्हणून ओळखली जाऊ लागली.

चटई घेऊन बसलेला शिष्य

त्यांच्यामागं हजरत जैनुद्दीन शिराजी (रह.) आले. हे इराणातल्या शिराजचे, मोठे विद्वान. सुरुवातीला त्यांना समा पसंत नव्हता, बुऱ्हानुद्दीन यांच्याबद्दल शंकाही होत्या. पण भेटीनंतर ते मुरीद झाले.

जैनुद्दीन यांच्या काळात बहमनी सुलतान मुहम्मद शाह पहिला गादीवर होता. दौलताबादला बंड झालं, ते मोडल्यावर सुलतानानं सूफी-उलेमांकडून निष्ठेची शपथ मागितली. दारू पिणाऱ्या सुलतानाशी निष्ठेची शपथ घ्यायला जैनुद्दीन यांनी नकार दिला. शहर सोडून जा असा हुकूम आला, तेव्हा त्यांनी आपली जानमाज उचलली, थेट बुऱ्हानुद्दीन यांच्या मजारजवळ जाऊन ती अंथरली आणि बसले. इथून उठवायची कुणाची हिंमत आहे ते बघू, असा त्यांचा पवित्रा. अखेर सुलतान नरमला आणि त्यानं राज्यातली दारूची दुकानं बंद करवली, असं इतिहासकार फरिश्ता लिहितो.

ज्याच्याकडे जहागीर नाही, त्याच्याकडून काय काढून घेणार? साधेपणाचा हा खरा उपयोग. गरजा कमी असल्या की खऱ्याच्या बाजूनं उभं राहणं सोपं जातं. जैनुद्दीन 1369 साली वारले. आपला उत्तराधिकारीही त्यांनी नेमला नाही.

फकिराच्या नावाचं शहर

आता आपल्या खानदेशाकडे येऊ. 1370 साली मलिक राजा याला थाळनेर आणि आसपासचा मुलूख मिळाला. आजच्या धुळे जिल्ह्यात, शिरपूरजवळ तापीच्या काठी थाळनेर आहे, फारुकी घराण्याच्या कबरी आजही तिथं आहेत. मलिक राजा जैनुद्दीन यांना मानणारा होता. त्याचा मुलगा नासिर खान 1399 साली गादीवर आला. त्यानं असीरगड घेतला आणि तापीच्या एका काठाला बुऱ्हाणपूर, समोरच्या काठाला जैनाबाद वसवलं. पीर आणि मुरीद, नदीच्या दोन काठांवर समोरासमोर.

फरिश्ता सांगतो की जैनुद्दीन यांनी नासिर खानाकडून जहागीर घेतली नाही, त्याऐवजी पीरांच्या नावानं शहर वसवायला सांगितलं. तारखा जुळवल्या तर ही भेट शक्य नाही, कारण जैनुद्दीन तीस वर्षं आधीच वारले होते. पण लोकांच्या मनात या बुजुर्गांची काय प्रतिमा होती, ते या कथेतून नक्की कळतं. जहागीर नाकारणारी माणसं, हीच त्यांची ओळख.

फारुकींचं राज्य 1601 साली अकबरानं असीरगड घेतल्यावर संपलं. मोगल गेले, निजाम गेले. बुऱ्हाणपूरचं नाव राहिलं. आणि बघा, हैदराबादच्या निजाम घराण्याचा संस्थापक आसफजाह पहिला 1748 साली वारला तो याच बुऱ्हाणपुरात, आणि त्याला दफन केलं ते खुलताबादला बुऱ्हानुद्दीन यांच्या दर्ग्याच्या आवारात. बादशाह औरंगजेबाची साधी, उघडी कबरही जवळच, जैनुद्दीन यांच्या आवारात आहे. आयुष्यभर राज्य कमावणाऱ्यांना शेवटी शेजार हवा होता तो कोठार रिकामं ठेवणाऱ्यांचा.

मग त्या तरुणाला काय सांगितलं?

ही सगळी गोष्ट सांगून झाल्यावर तो बराच वेळ तलावाकडे बघत बसला. मी त्याला म्हणालो नाही की तुझी इच्छा चुकीची आहे. ती चांगलीच आहे, फक्त तिचा पत्ता चुकला आहे. बुऱ्हानुद्दीन यांना एकांत हवा होता, त्यांना स्वयंपाकघर मिळालं. त्यांच्या मित्राला जंगल हवं होतं, त्याला दिल्ली मिळाली. त्यांनी माणसं सोडली नाहीत, माणसांचा लोभ सोडला.

तेवढं आपल्यालाही जमेल. कर्ज एकदम फिटणार नाही, पण नवं घेणं थांबवता येतं. पाच वेळच्या नमाजला फोन दुसऱ्या खोलीत ठेवता येतो. रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत एतिकाफ आहेच, दीननंच आपल्याला दिलेली ती एकांताची सुट्टी आहे, आणि दहा दिवसांनी घरी परतायचं हेही त्यातच आलं. महिन्याच्या शेवटी जे उरेल त्यातलं थोडं का होईना, शुक्रवारआधी गरजूपर्यंत पोचवता येतं. काम फारच जीव घेत असेल तर कमी पगाराची, आपल्या गावातली नोकरी शोधणं यातही कमीपणा नाही. आणि एवढं करूनही जीव जड राहत असेल, झोप लागत नसेल, तर डॉक्टरांकडे जाणं हेही सुन्नतच्या विरुद्ध नाही.

त्यानं नोकरी सोडली की नाही, ते मी अजून विचारलेलं नाही. पण परवा तो तलावावर आला तेव्हा मुलगी त्याच्या खांद्यावर होती आणि हातात बोरांची पुडी होती. दहा-बारा बोरं त्यानं माझ्या हातावर ठेवली, उरलेली वाटेत भेटलेल्या मुलांना वाटली आणि रिकामा कागद घडी करून खिशात ठेवला.

अल्लाह आपल्या सर्वांना कमी सामानात आणि जास्त माणसांत राहायची तौफीक देवो. आमीन.